सुरईचा निळा

आमच्या हॉलच्या मोठ्या भिंतीवर एक खिळा आहे. त्याच्यावर काही नाही. पाहुणे येतात, खिळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि हवापाण्याच्या गोष्टी सुरू करतात.

खिळा मी ठोकला होता. घर नवं होतं आणि आमचे हे कामावर गेले होते, ती वेळ साधून. संध्याकाळपर्यंत त्यावर एक छापील देखावाही लावला होता. डोंगर, नदी, नदीकाठी एक गाय. हे घरी आले, बूट काढले, देखाव्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “गाय जांभळी आहे.”

“तपकिरी आहे,” मी म्हणाले.

“छापणारे तपकिरी करायला गेले होते. लाल सुटला हाताबाहेर.”

दुसऱ्या दिवशी गाय माळ्यावर गेली. ती तपकिरीच होती हे मी आजही कुणालाही लिहून द्यायला तयार आहे. पण एकदा कुणी जांभळी म्हटलं की मनात पाल चुकचुकते ती चुकचुकतेच.

त्यानंतर त्या भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा लागलं नाही. कॅलेंडरातले रंग एकमेकांवर नीट बसलेले नसतात आणि ते समोर असलं की ह्यांना घास उतरत नाही. ह्यांची बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्या भिंतीवर तीन धबधबे आहेत, सोफ्याच्या कापडाला मॅच होणारे. हे बहिणीकडे गेले की भिंतीकडे पाठ करून बसतात.

ह्यांचं कामच ते होतं. मोठ्या छापखान्यात मशीनवरून उतरलेला पहिला कागद ह्यांच्या टेबलावर यायचा. डावीकडे मूळ नमुना, उजवीकडे छापलेला कागद, डोक्यावर ठरावीक उजेडाचा दिवा. हे दोन्हींकडे आळीपाळीने बघायचे आणि म्हणायचे, “पिवळा उतरवा,” किंवा “काळा जड झालाय.” मनासारखं झालं की कागदावर सही करायचे, आणि ती सही झाल्याशिवाय मशीन पुढे हलायचं नाही. साबणाची वेष्टनं, औषधांची खोकी, बिस्किटांचे पुडे, सगळं ह्यांच्या नजरेखालून गेलेलं. छापखान्यात ह्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘डोळा’ म्हणायचे. “डोळ्याला दाखवलं का?” “डोळा आज रजेवर आहे.” हे निवृत्त झाले त्या दिवशी मालक भाषणात म्हणाले, “आज आपल्या छापखान्याचा डोळा जातोय.” कुणी हसलं नाही. मीही नाही.

निवृत्तीनंतरसुद्धा एखादं गिऱ्हाईक रंगावरून अडून बसलं की छापखान्यातून निरोप यायचा. निरोप आला की हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी येण्याच्या कितीतरी आधी खुर्चीत बसून राहायचे. परत आले की दोन दिवस घरात शीळ वाजवत फिरायचे.

मी मात्र ह्यांचं कधी ऐकलं नाही. त्यांनी रंगाचं एक नाव घ्यायचं आणि मी दुसरं घ्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. पडदे त्यांना शेवाळी, मला सरळ हिरवे. माझा स्वेटर मला अबोली, त्यांना ‘आजारी केशरी’. मला रंगांतलं ओ की ठो कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्या एका शब्दाला अख्खा छापखाना मान डोलावतो, त्याला घरी नाही म्हणणारं कुणीतरी पाहिजे, असं माझं मत होतं. आणि खरं सांगायचं तर मला भांडायला आवडतं.

तर एक दिवस सकाळी चहा पिताना हे स्वतःहून खिळ्याकडे बघत म्हणाले, “आता तिथे एक चित्र लावू.”

मी बशी खाली ठेवली. “कुठलं?”

“सुरईचं.”

सुरईचं चित्र म्हणजे आमच्या शहराच्या संग्रहालयातलं. लग्न नवं होतं तेव्हा एका रविवारी हे मला म्हणाले होते, चल, एक गोष्ट दाखवतो. इतरांचे नवरे अशा वेळी सिनेमाला नेतात. ह्यांनी मला संग्रहालयात नेलं, पुढची सगळी दालनं ओलांडून आतल्या एका लहान खोलीत नेलं आणि एका लहानशा चित्रासमोर उभं केलं. चहाच्या ट्रेपेक्षा जरा मोठं असेल. मेजावर पांढरं कापड, त्यावर तीन नासपती आणि एक निळी सुरई. बस, एवढंच.

“किती वेळ बघायचं?” मी विचारलं.

“निळा बघ,” हे म्हणाले.

मी म्हणाले, आकाशी आहे. ते म्हणाले, आकाशी अजिबात नाही, त्यात खाली एक राखाडी आहे, तो राखाडी त्याला धरून ठेवतो. मी म्हणाले, मला कुठे राखाडी दिसत नाही. घंटा वाजून दारं बंद व्हायची वेळ आली तरी आमचं चाललेलंच होतं. परत येताना मला वाटलं होतं, ह्या माणसाबरोबर आपले दिवस बरे जातील. ते कधी मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वाद संपला असता.

चित्र तर संग्रहालयाचं. पण आता अशी चित्रं घरासाठी करून देणारे लोक आहेत. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका माणसाचा स्टुडिओ होता, ‘संग्रहालयाच्या दर्जाच्या प्रती’ अशी पाटी लावलेला. मूळ चित्राचे फोटो त्याच्याकडे संग्रहालयाच्या परवानगीने आलेले होते. कागद कापसाचा, शाई अशी की शंभर वर्षं उडणार नाही. तशी लेखी हमीसुद्धा तो देत होता. आम्हा दोघांची मिळूनही एवढी हमी कुणी दिली नसती, पण मी गप्प बसले.

प्रिंटवाला पहिल्या दिवशी फार खूश झाला. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन यायची आणि ‘ह्याला जाईल असं काहीतरी’ मागायची. ह्यांनी त्याला शाई कुठली, दिवा कुठला, कागदाचा पांढरा किती पांढरा, असं विचारत दुपार केली. त्याने ह्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. “साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षात एक मिळालं तरी पुरे,” तो म्हणाला. पुढे त्याचं हे मत बदललं.

पहिली प्रत आली. हे ती खिडकीशी घेऊन गेले, स्वच्छ उजेडात. मी मागून बघितली. मला तर ती अगदी तशीच वाटली, इतकी की नासपतींचा वास येईलसं झालं. हे बराच वेळ उभे राहिले.

“निळा मेलाय,” ते म्हणाले.

“चांगला जिवंत आहे,” मी म्हणाले.

“मेलाय. आणि कापड पिवळं पडलंय.”

प्रत परत गेली. मला त्यात काही नवल वाटलं नाही. ह्यांच्या आयुष्यात पहिला कागद कधी पास झालेलाच नव्हता.

दुसरी प्रत आली. हे म्हणाले, “पहिलीपेक्षा वाईट.” तीही परत गेली. त्या संध्याकाळी प्रिंटवाल्याचा फोन आला. हे फिरायला गेले होते, म्हणून मी घेतला.

“काकू, एक विचारू का? रागावणार नाही ना?” तो म्हणाला. “दुसरी प्रत मी छापलीच नव्हती. पहिलीच नवीन नळकांड्यात घालून पाठवली. माझ्या हिशेबाने ती अगदी अचूक होती, म्हटलं बघू तरी. साहेबांची तब्येत बरी आहे ना?”

मी त्याला म्हणाले, तब्येत उत्तम आहे आणि तू अतिशय आगाऊ आहेस. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले.

कारण मला मोजे आठवले. महिन्याभरापूर्वी एका लग्नाला निघताना ह्यांनी एका पायात काळा मोजा घातला होता आणि एका पायात गडद निळा. ह्या माणसाने. मी ते पाहिलं आणि अख्ख्या लग्नात ह्यांच्या पायांपुढे पर्स धरून बसले. त्यानंतर शर्टांचं निघालं. हे म्हणाले, “पावडर बदललीस का? सगळे पांढरे शर्ट पिवळे पडलेत.” शर्ट बगळ्यासारखे पांढरेशुभ्र होते. मी नेहमीप्रमाणे भांडले आणि विषय तिथेच सोडला. सोडायला नको होता. पण सोडला, कारण तो पुढे कुठे जातो ते मला दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, मोतीबिंदू आहे, काढून टाकायचा, त्यात काय एवढं. वन्संनाही सगळं पिवळट दिसायचं; त्यांनी दोन्ही डोळ्यांचे काढले आणि तिसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. मी तेव्हाच ह्यांना म्हणाले होते, तुम्हीही एकदा दाखवून या. हे म्हणाले, “डॉक्टर काय करतो? भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. अक्षरं मला दिसतात.” आणि मग, पेपर दुमडत, “ती लोकं डोळ्यातलं भिंग काढून कारखान्यातलं बसवतात. मग पुढे मला जो निळा दिसेल, तो कुणाचा? कारखान्याचा.” मी तो दुमडलेला पेपर रद्दीत ठेवून आले.

शेजारच्याला सांगता येतं, बाबा रे, तुला कमी दिसतंय, जरा तपासून घे. आमच्या ह्यांना ते कसं सांगायचं? सुताराला म्हणावं का, की तुला हात नाहीत? आणि वर मी कोण सांगणारी, जिला शेवाळी आणि हिरवा ह्यांतला फरक कळत नाही? रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगते. हे समोर बसून प्रिंटवाल्यासाठी कागदावर सूचना लिहीत असायचे, जीभ दाताखाली धरून, छापखान्यात बसल्यासारखे. मी चहा ओतायची आणि भाजीचं काहीतरी बोलायची.

शेवटी मी प्रिंटवाल्याला फोन केला. म्हणाले, “ते सांगतील तेवढा निळा घाल.”

“काकू, ते फार सांगतायत.”

“घाल म्हणते ना.”

“माझं नाव खराब होईल.”

“तुझं नाव आत्ता कुठे मोठं आहे?”

तिसरी प्रत आली ती चौकटीसकट, आकाराला तंतोतंत मूळ चित्राएवढी, चौकटही तशीच सोनेरी. मी वरचा कागद काढला आणि दचकले. नासपती होत्या तशाच होत्या. मधे सुरई नव्हती, बाथरूममधली प्लास्टिकची बादली होती. सगळ्या खोलीत दुसरं काही दिसेना. आमच्या घरात एवढा निळा कधी आलाच नव्हता.

हे खिडकीशी गेले. उभे राहिले. मी देवाचं नाव घेत होते.

“आला,” ते म्हणाले. “निळा आला.”

त्यांचं तोंड इतकं उजळलं होतं की मला वाटलं, राहू दे. असू दे बादली. ह्या बादलीसमोर बसून मी जन्मभर जेवेन.

तेवढ्यात वन्सं वर आल्या. दारातच थबकल्या, चित्राकडे बघून तोंड उघडलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे कसलं—”

“वन्सं, दूध उतू जातंय,” मी म्हणाले आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. गॅसवर काहीही नव्हतं. तिथे त्यांना सगळं सांगितलं. वन्सं रडल्या. रडताना त्यांचं नाक वाजतं, म्हणून मी नळ सोडून ठेवला.

“तू सांग ना त्याला,” त्या म्हणाल्या.

“तुमचा भाऊ आहे. तुम्ही सांगा.”

“मी?” वन्सं नाक पुसत म्हणाल्या. “तो माझ्या धबधब्यांकडे पाठ करून का बसतो ते मला गेली इतकी वर्षं माहीत आहे. ते तरी मी कुठे बोलले?”

आम्ही दोघी बाहेर आलो. वन्सं चित्राकडे बघून म्हणाल्या, “छान आहे हो, दादा.” मी त्या दिवसापासून वन्संना मानते.

“मग हातोडी आणू का?” मी ह्यांना म्हणाले. “खिळा तयारच आहे, पण जरा सैल झालाय.”

“थांब,” हे म्हणाले. “अजून मूळ चित्राशेजारी ठेवून बघितलेलं नाही.”

ह्यांच्या धंद्यातला तो पहिला आणि शेवटचा नियम. छापलेला कागद मुळाशेजारी ठेवून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. “आठवण रंग चढवते,” असं हे छापखान्यातल्या पोरांना बजावून सांगायचे. “आठवणीवर सही करणाऱ्याने घरी जावं.”

मी खूप केलं. म्हणाले, आत्ता आणलंय, आज लावू, उद्या जाऊ. म्हणाले, संग्रहालय बंद असेल. म्हणाले, माझे गुडघे दुखतायत. म्हणाले, छापखान्यातले नियम घरात कशाला, इथे कुठलं मशीन थांबलंय? हे शांतपणे चित्र जुन्या चादरीत गुंडाळत होते. “तूच तर म्हणतेस मी काही पूर्ण करत नाही,” ते म्हणाले. मी असं कधीच म्हटलेलं नव्हतं, पण भांडायचं बळ राहिलं नव्हतं.

संग्रहालयाच्या बाहेर बऱ्याच उंच पायऱ्या आहेत आणि वर दारात पहारेकरी. त्याच्या शेजारच्या फलकावर आत काय नेऊ नये ते लिहिलेलं आहे: छत्र्या, पिशव्या, खाद्यपदार्थ, पाळीव प्राणी.

“चादरीत काय आहे?” पहारेकऱ्याने विचारलं.

“चित्र,” हे म्हणाले.

पहारेकऱ्याने फलक वरपासून खालपर्यंत वाचला. चित्र आत नेऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. चित्रं आतच असतात, त्यामुळे कुणाला सुचलं नसावं. त्याने आम्हाला सोडलं.

आतली लहान खोली होती तशीच होती. चित्रही होतं त्याच जागी. ह्यांनी चादर सोडली, प्रत माझ्या हातात दिली आणि मला चित्राच्या उजव्या बाजूला उभं केलं. “जरा वर. अजून. डावीकडे घे. हां, हलू नकोस.” स्वतः चार पावलं मागे गेले, हात पाठीमागे बांधले, आणि उभे राहिले.

मला दोन्ही दिसत होती. भिंतीवरची सुरई शांत होती. तिच्या निळ्यात खाली काहीतरी होतं, जे तिला धरून ठेवत होतं. इतक्या वर्षांनी मला तो राखाडी दिसला. माझ्या हातातली नुसती ओरडत होती. मी सुरयांकडे बघणं सोडून दिलं आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“गेला,” हे म्हणाले.

“काय गेलं?”

“मुळाचा निळा गेला. ह्या लोकांनी चित्राची वाट लावली.”

पहारेकरी आमच्यामागून आला होता. भिंतीवर एक आणि माझ्या हातात एक अशा दोन सुरया बघून तो जागच्या जागी उभा राहिला. अशा वेळी काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. “तुमच्या अधिकाऱ्यांना बोलवा,” हे त्याला म्हणाले. “ताबडतोब.” कुणीतरी हुकूम दिल्यामुळे त्याला बरं वाटलं असावं. तो धावत गेला.

चित्रांची देखभाल बघणाऱ्या बाई आल्या. आमची लेक शोभेल अशा वयाच्या असतील. त्यांनी आधी भिंतीवरचं चित्र जागेवर आहे ना ते बघितलं, मग माझ्या हातातलं बघितलं आणि मग ह्यांचं सगळं ऐकून घेतलं. हे म्हणत होते, सफाई करताना वरचा थर गेला असणार, नाहीतर दिवे चुकीचे लावलेत, हा निळा असा नव्हता, ह्या निळ्याची राख झालीय. आवाज चढला होता. पुढच्या दालनातले दोन-चार लोक दारात येऊन उभे राहिले.

“काका, ह्या चित्राला गेल्या कितीतरी वर्षांत कुणी हात लावलेला नाही,” बाई म्हणाल्या. “दिवे आम्ही मोजून लावतो. रंगसुद्धा दरवर्षी यंत्राने मोजतो. काहीही बदललेलं नाही.” मग माझ्या हातांकडे बघून त्या जरा हसल्या. “उलट तुमची प्रतच थोडी भडक आलीय, नाही का?”

“भडक?” हे म्हणाले. “मुली, तू जन्मायच्या आधीपासून मी ही सुरई बघतोय. मला ती पाठ आहे.”

“म्हणजे तुम्ही आठवणीवरून सांगताय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं.

ह्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. एवढा वेळ हे चक्क आठवणीच्या बाजूने भांडत होते, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

बाईंना त्यांची दया आली असावी. त्या माझ्याकडे वळल्या. “काकू, तुम्हाला काय वाटतं?”

हेसुद्धा माझ्याकडे वळले. दारातले लोक माझ्याकडे बघत होते, पहारेकरी बघत होता. माझे दंड भरून आले होते. मला वाटलं, ह्या परक्या लोकांत, एका शब्दात, मी ह्या माणसाचा डोळा काढून घेणार. तोही मी, जिने त्याचं एकही मत कधी राहू दिलं नाही. मला ते जमेना.

“ह्यांचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “मूळच फिकं पडलंय.”

बाईंच्या चेहऱ्यावर नवल दिसलं. पण हे बाईंकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या सुरईकडे नाही, माझ्या हातातल्या सुरईकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते, टेबलावर आलेल्या कागदाकडे बघायचे तसे, आणि बराच वेळ.

मग ते बाईंना म्हणाले, “माफ करा. तुमचं चित्र ठीक आहे. चूक माझ्याकडे आहे.”

त्यांनी प्रत माझ्याकडून घेतली, चादरीत गुंडाळली, गाठ मारली. गाठ सुटली, पुन्हा मारली. दारातल्या लोकांनी वाट दिली. सगळ्या दालनांतून आम्ही चालत आलो, ते पुढे आणि मी मागे. मला वाटत होतं मी वाचवलं. एवढ्या चांगल्या खोट्यानंतर माणसाने जरा तरी खूश दिसावं, म्हणून मला रागही येत होता.

बाहेर पायऱ्यांच्या डोक्यावर ते थांबले.

“तू हो म्हणालीस,” ते म्हणाले.

“मग? जे दिसलं ते सांगितलं.”

“लग्न झाल्यापासून माझ्या एका तरी रंगाला हो म्हणालीस?”

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

“फार वाईट आहे का गं?” त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. “बादलीसारखी दिसते तुमची सुरई,” मी म्हणाले. “प्लास्टिकच्या बादलीसारखी. वन्संनासुद्धा कळलं.”

“तिलासुद्धा?”

“दारातूनच.”

समोर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, निळ्या, पांढऱ्या, आणि त्यांना त्या कशा दिसत होत्या कोण जाणे. मी नाक पुसलं. मला त्यांना सांगायचं होतं की राखाडी मला दिसला, तुम्ही म्हणत होता तसाच आहे. पण ते आत्ता कसं सांगायचं ते कळेना.

मग त्यांनी चादरीतलं चित्र माझ्यापुढे केलं.

“हे तू धर,” ते म्हणाले. “मला पायऱ्या नीट दिसत नाहीत. बरेच दिवस झाले.”

मी चित्र काखेत मारलं आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. आम्ही उतरायला लागलो. ते प्रत्येक पायरीवर आधी पाय टेकवून बघत होते, मग भार टाकत होते. हे असं ते किती दिवस, कुणालाही कळू न देता करत होते, ते मला विचारवलं नाही. खाली आल्यासारखं वाटल्यावर ते थांबले.

“संपल्या?”

“नाही,” मी म्हणाले. “अजून एक आहे.”